तीन ठिपक्यांचा मिस्त्री

कुठलीही वस्तू लेथवर चढवण्याआधी देवराव मिस्त्री ती मधल्या बोटाच्या पेराने वाजवून बघत. बाजारात टरबूज घेताना बायका वाजवून बघतात ना, अगदी तसं. कान तिरका करून ऐकत, मग मान हलवत, आणि तेव्हाच चकाची, म्हणजे लेथच्या पकडीची, चावी हातात घेत. चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घंटेसारखं वाजतं, चिरा गेलेलं बोदं वाजतं, आणि घासून घासून पातळ झालेलं बीड पराती­सारखं उथळ वाजतं, असं ते सांगत. लोकांना ही गंमत वाटे. पण अकोल्याच्या कापूस बाजाराच्या रस्त्यावर ज्यांचं काम एकदा त्यांच्या लेथवरून उतरलं, ते लोक पुढल्या खेपेला आपणहून म्हणत, "वाजवून पाहा ना बाप्पा आंधी."

देवराव मूळचे हिवरखेडचे. सोळाव्या वर्षी अकोल्याच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, झाडझूड करायला लागले. जिनाच्या कोपऱ्यात एक लेथ होती आणि तिच्यावर एक म्हातारे मिस्त्री होते. देवरावांना लेथला हात लावायची परवानगी नव्हती. खाली पडलेला लोखंडाचा कीस तेवढा झाडायची होती. त्यांनी कीस झाडता झाडताच काम शिकून घेतलं. पोलादाचा कीस वेटोळी होऊन पडतो, बिडाचा मात्र काळा भुगा होतो. हात चांगला असेल तर तो भुगा एकसारखा, मेंदीच्या पुडीसारखा असतो. सात वर्षांनी म्हाताऱ्यांची नजर गेली तेव्हा जिनाच्या मालकांना कळलं, की गेलं वर्षभर बारीक मापाची सगळी कामं हा झाडणारा माणूसच करतो आहे.

छप्पन सालच्या दसऱ्याला देवराव आणि त्यांची बायको ललिता नागपूरला दीक्षेला जाऊन आले. परतल्यावर देवराव म्हणाले, "आता दुसऱ्याच्या लेथवर काम नाई कराचं." तीन वर्षांनी तो जिन बंद पडला, तेव्हा तीच जुनी लेथ त्यांनी घेतली. पुढे टिनाचं छप्पर, मागे एक खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याअलीकडे लेथ घरघरे आणि पलीकडे ललिताची भाकर थापली जाई. लेथच्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती, की टूल बोथट झालं की ती आतूनच ओरडे, "धार लावा हो, रडून राह्यलं थे!"

जिनात कोणाच्या कामावर कोणाचं नाव नसे. म्हणून स्वतःच्या दुकानात देवरावांनी एक रीत पाडली. काम पुरं झालं, तपासलं, मनास आलं, की टोकदार पोलादी पंचाने त्यावर बाजूबाजूला तीन बारीक ठिपके ठोकायचे. दिसले तर दिसावे, एवढेच. तीनच का, म्हणून कोणी विचारलं तर हसत. पण एकदा ठिपके पडले की ते काम त्यांचं. चार वर्षांत ठिपक्याचं एकही काम परत आलं नव्हतं. दुसऱ्या मिस्त्रीचं काम परत आलं तर ते नुसतं काम परत आलं असतं. देवरावांचं परत आलं असतं तर बाजारात काय बोललं गेलं असतं आणि ते कोणाकोणाला लागलं असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे ते एकच माप तीनदा घेत.

अशात त्रेसष्टच्या माघात खुशालरावांची मोटार आली.

खुशालराव पातूरच्या पुढे घाटावरच्या एका गावचे मोठे शेतकरी. काळी जमीन, भरपूर कापूस, आणि वडिलांनी, म्हणजे भगवंतरावांनी, मरणाआधी घेऊन ठेवलेली एक जुनी विलायती मोटार. ती चालवत नत्थुजी. हा माणूस पंचवीस वर्षं त्या घरचा गाडीवान होता. चाळिशी उलटल्यावर भगवंतरावांनी त्याला बैलगाडीवरून उचलून मोटारीवर बसवलं. अजूनही तो मोटार थांबवताना तोंडाने "हो... हो..." करी.

तक्रार साधी होती. ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली उड्या मारतं, गाडी थरथरते. देवरावांनी पुढची दोन्ही चाकं उतरवली. जुन्या मोटारीच्या प्रत्येक चाकाच्या आत बिडाचा एक ड्रम असतो, उपड्या पातेल्यासारखा. पॅडल दाबलं की आतल्या दोन अर्धगोल पट्ट्या पसरतात आणि त्याच्या भिंतीला घासून चाक थांबवतात. ही भिंत नेमकी गोल हवी. देवरावांनी ड्रम वाजवला, लेथवर चढवला आणि फिरत्या ड्रमच्या आत हलकेच खडू धरला. भिंत गोल असती तर खडूची रेघ सगळीकडे उमटली असती. ती अर्ध्याच भागावर उमटली.

"वाकला हाये," ते म्हणाले. "पोट आलं एका अंगानं."

"मंग?" नत्थुजीने विचारलं.

"मंग काय, घासून गोल करू. पण बीड कमी होते त्याच्यानं. असं जलमभर नाई करता येत."

दिवसभर ते काम चाललं. नत्थुजी टिनाच्या सावलीत उकिडवा बसून होता. दुपारी ललिताने पडद्याआडून विचारलं, "काका, पाणी देऊ?" तो घाईने म्हणाला, "नाई माय, तहान नाई." ऊन चांगलंच होतं. ललिताने तांब्या परत माठावर ठेवला.

संध्याकाळी दोन्ही ड्रमांवर तीन-तीन ठिपके पडले आणि मोटार गेली.

दीड महिन्याने ती परत आली. तेच पॅडल, त्याच उड्या. देवरावांनी खडू धरला. रेघ पुन्हा अर्धी. त्यांनी ड्रम परत गोल केले, नत्थुजीला वाटेला लावलं, आणि त्यानंतर चार दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही. त्यांनी लेथ उघडली. चक काढलं, बेअरिंग धुतले, मापं घेतली, पुन्हा बसवलं. लेथमध्ये काही दोष सापडेना. मग ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

"जेवा ना," ललिता म्हणाली.

"बीड असं आपल्या मनानं वाकत नाई, ललिते. काही तं माह्याच्यानं राहून जाते."

"तुमच्यानं राह्यलं असतं तं मले आयकू आलं असतं," ती म्हणाली. "पयल्यांदा लेथ कशी बोलत होती? खर्र... चूप... खर्र... चूप. एकाच अंगाले लागत होती. मंग संध्याकाळपावतर एकच सूर झाला. दोनी खेपेले झाला. म्या आयकला ना."

तव्यावरची शेवटची भाकर काढून तिने तवा चुलीवरून उतरवला आणि नेहमीप्रमाणे भिंतीला तिरका टेकवून ठेवला, आपला आपण निवायला. देवरावांनी मान हलवली, पण जेवण अर्धंच झालं.

वैशाखात मोटार तिसऱ्यांदा आली. या वेळी सोबत खुशालराव स्वतः होते. उतरल्या उतरल्या त्यांनी काठी चाकाकडे रोखली.

"देवराव, हे तुमचे तीन ठिपके, अन् हा माह्या मोटारीचा नाच. घ्या पाहून."

"पुन्हा झालं, भाऊसाहेब?"

"व्हाचं काय राह्यलं? पाय ठेवला का पॅडल वर फेकते. मोटार चालवून राह्यलो का शिवणाची मशीन, थेच समजत नाई." आजूबाजूची दोनचार माणसं हसली. खुशालरावांच्या बोलण्याला धार आली. "अमरावतीले मोठी मशीन आली म्हन्तात. आता तिकडंच नेतो. बाजारात लोक इचारतात, देवरावाचं काम कसं, तं काय सांगू?"

"जे झालं थेच सांगा."

"सांगतलंच हाये."

देवरावांनी पुढची चाकं उतरवली, एक ड्रम हातात घेतला, पेराने वाजवला. आवाज उथळ झाला होता.

"भाऊसाहेब, अमरावतीले न्या का मुंबईले न्या. ह्या ड्रमात आता एकच कट राह्यला, एकदाच घासता येते. त्याच्यावर मारला तं घाटात फुटंल. अन् या मोटारीचा नवा ड्रम आता कोठी भेटत नाई. तवा कट माराच्या आंधी मले एकदा या मोटारीत बसू द्या. घाट चढून उतरून पाहू द्या."

"मोटारीत बसून काय होते?"

"थे बसल्यावर समजंल. नाई समजलं तं घेऊन जा अमरावतीले. अन् बाजारात जे सांगता थे खरं हाये, असं म्याच सांगतो."

खुशालराव काठी आपटून म्हणाले, "दोन दिवस मी सोयऱ्याइकडं थांबतो. जाऊन या."

ते गेल्यावर देवरावांनी कानस घेतली आणि ड्रम परत बसवण्याआधी दोन्हींवरचे तिन्ही ठिपके घासून काढले. ललिता दारात येऊन उभी राहिली.

"काहून घासून राह्यले थे?"

"काम माहं हाये का नाई, थे ठराचं हाये अजून."

कानस ज्या जोराने चालली होती ते बघून ती आत गेली आणि सकाळच्या प्रवासासाठी भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मोटार निघाली. नत्थुजी जपून चालवत होता आणि देवराव बाजूला बसून होते. डोळे रस्त्यावर नव्हते. ते ऐकत होते. पातूर मागे पडलं, घाट चढून झाला. वर गावात इंजिन निववलं, भाकर खाल्ली, आणि मोटार परत वळली.

उतारावर नत्थुजीचा पाय ब्रेकवरच होता. पॅडल पायाखाली नाचत होतं.

"पयले म्हंजे अर्ध्या घाटात थांबा लागे," नत्थुजी सांगू लागला. "रस्ता खडीचा. आमच्या मैनाबाईले, खुशालभाऊच्या मायले, लय मयमय करे. मंग आंब्याखाली अर्धा घंटा टेका. आता दिवाळीपासून डांबर झालं तं सर्रकन उतरतो. थांबाचं कामच नाई."

देवरावांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "दिवाळीपासून?"

"हाव ना."

घाट संपला. तळाशी एक नाला होता, वैशाखात कोरडा. पण वाळूत लोकांनी झिरा उकरून ठेवला होता आणि त्यात बर्फासारखं पाणी होतं. नत्थुजीने मोटार नाल्याशी आणली, "हो... हो..." करून थांबवली, सीटखालून पितळेचा लोटा काढला आणि खाली उतरला. देवरावांना वाटलं तहान लागली असेल. पायातल्या कळा झटकत तेही उतरले. तापल्या लोखंडाचा वास चाकांभोवती दाटला होता.

नत्थुजीने लोटा भरला आणि पुढच्या चाकावर ओतला.

चर्र आवाज झाला. पांढरी वाफ उठली. तो परत झिऱ्याकडे वळला, दुसरा लोटा भरला आणि पलीकडच्या चाकाकडे निघाला.

"नत्थुजी!" देवराव ओरडले. "काय करून राह्यले?"

"काय म्हंजे? चाकायले पाणी पाजून राह्यलो." त्याचा चेहरा अगदी साधा होता. "आयका ना, कसे पिऊन राह्यले बिचारे!"

आणि देवरावांनी अडवायच्या आत दुसऱ्या चाकानेही चर्र केलं.

देवराव वाळूतल्या एका दगडावर बसले. दीड महिना त्यांनी लेथवर संशय घेतला होता, टूलवर घेतला होता, स्वतःच्या हातांवर घेतला होता. आणि चोर होता तो पितळेचा लोटा.

"ही सवय कोठली?"

"जलमाची," नत्थुजी म्हणाला. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड आटतं आणि वरची लोखंडी धाव ढिली होऊन निसटते. म्हणून वाटेत पाणी दिसलं की गाडीवान चाकं भिजवतो, हे त्याने समजावून सांगितलं. देवरावांना ते लहानपणापासून माहीत होतं. "भगवंतरावायची पयली मोटार होती ना, तिचे आरे लाकडाचे होते. तवा थेच सांगत, नत्थू, नाल्याशी आलं का चाकं तहानेले ठेवाचे नाई. या मोटारीचे चाकं लोखंडाचे, पण म्या मनलं, घाट उतरून आले, तापले, देवा दोन लोटे. मुकं जनावर का सांगणार हाये?"

"नत्थुजी, तुमच्या घरी तवा कसा निवते?"

"आं?"

"भाकरी झाल्यावर. तापल्या तव्यावर पाणी टाकते का तुमची घरधनीन?"

"छ्या! तडकंल ना थो."

एवढं बोलून नत्थुजी थांबला. हातातल्या लोट्याकडे पाहिलं. चाकाकडे पाहिलं. अजून थोडी थोडी वाफ निघत होती.

"पयले अर्धा घंटा आंब्याखाली थांबत होते," देवराव सावकाश म्हणाले, "तवा इथपावतर चाकं निवून येत. आता आग घेऊन उतरता, अन् एका अंगानं झिऱ्याचं पाणी. तडकला नाई हेच नशीब. वाकून गेला."

नत्थुजीने लोटा वाळूत ठेवला आणि हळूच विचारलं, "तं तुमचं काम म्याच खराब केलं म्हना."

"म्हना."

"मालकाले सांगसान?"

"सांगा लागंल."

"मोटार जाईल माह्या हातची."

देवराव गप्प राहिले तर बाजारातलं बोलणं आयुष्यभर चिकटणार होतं. पण नुसतं तेवढंच असतं तर कदाचित, त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून, ते गप्प राहिलेही असते.

"शेवटचा कट हाये, नत्थुजी. या मोटारीत माणसं बसतात. घाट उतरताना कोण काय करते, थे मालकाले माईत पायजे."

अकोल्यात मोटार थांबवताना नत्थुजीने "हो हो" सुद्धा केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव आले. देवरावांनी ड्रम लेथवर चढवून ठेवला होता.

"काय मंग? सापडलं?"

"सापडलं. तापल्या ड्रमवर गार पाणी पडते. त्याच्यानं वाकते."

"पाणी?" खुशालरावांच्या भुवया चढल्या. "वैशाखात? कोणं टाकलं?"

देवराव तोंड उघडणार तोच मागून आवाज आला. "म्या."

नत्थुजी हातात तो लोटा घेऊनच उभा होता, चोरीचा माल हजर करावा तसा. "म्या टाकलं, खुशालभाऊ. नाल्याशी. दर खेपेले. मिस्तऱ्याच्या कामात खोट नाई."

"अरे, अकलेचा..." खुशालरावांनी काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली. त्यांची नजर लोट्यावर गेली होती. लोट्याच्या काठाला एक पोचा होता. "हा बाबायचा लोटा ना?"

"हाव. तुमी लहान होते तवा पाडला होता झिऱ्यात. पयला लोटा तुमीच टाकत. मले टाकू नाई देत."

खुशालरावांनी काठी खाली केली. ते लेथजवळच्या स्टुलावर बसले, टोपी काढली, कपाळ पुसलं.

"चढून बसाचो चाकावर," ते स्वतःशीच म्हणाले. "बाबा मनत, पाज पाज, पोटभर पाज."

पडद्याआडून ललिता म्हणाली, "एवढं मले इचारलं असतं तं माघातच सांगतलं असतं. तव्यावर पाणी टाकत नसतात, हे काय मोटारीचं ग्यान हाये का?"

आधी देवराव हसले. मग खुशालराव हसले, आणि त्यांचं हसू बघून नत्थुजीच्या जिवात जीव आला.

"देवराव, आता बाजारात काय सांगू?"

"जे झालं थे सांगा."

"सांगतो. आपल्याच घरचं पाणी होतं मनून सांगतो." ते उठले. "अन् नत्थू, अर्ध्या घाटात, आंब्याखाली, अर्धा घंटा. माय बसली असो का नसो. समजलं?"

शेवटचा कट देवरावांनी केसाएवढा घेतला. खर्र... चूप... खर्र... चूप. मग चूप लहान होत गेली. ललिताने पीठ मळता मळता हात थांबवला. दुपार कलताना लेथने एकच सूर धरला आणि तो सुटला नाही. खाली भुगा पडला होता तो अगदी मेंदीसारखा. खडूची रेघ सगळीकडून फिरून आपल्याच टोकाला येऊन मिळाली.

खुशालरावांनी ड्रमवर बोट ठेवलं. "ठिपके?"

"आता नाई. पाऊस सरू द्या. घाट उतरू द्या पंचवीस खेपा. मंग."

खुशालरावांनी शब्द पाळला. पुढच्याच बाजाराला कापसाच्या ढिगापाशी उभं राहून त्यांनी आपल्या घरच्या लोट्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की आठवडाभर लोक देवरावांना वाटेत थांबवून विचारत, "काय मिस्त्री, चाकं पेले का पाणी?" देवराव म्हणत, "पेले, पेले." त्या चेष्टेने त्यांचं नाव जितकं पसरलं तितकं ठिपक्यांनी चार वर्षांत पसरलं नव्हतं.

कार्तिकात एका दुपारी मोटार दुकानासमोर थांबली. "हो... हो..." ऐकूनच ललिता म्हणाली, "नत्थुजी आले." तो एकटाच होता. देवरावांनी मोटारीत बसून रस्त्याला एक चक्कर मारली. पॅडल पायाखाली शांत होतं, झोपलेल्या मांजरासारखं. परत येऊन त्यांनी पुढची चाकं उतरवली, ड्रम पेराने वाजवले, ऐकलं, आणि पंच घेतला. टक. टक. टक. दुसऱ्या ड्रमवर पुन्हा तीन.

नत्थुजी आज सावलीत उकिडवा बसला नाही. उभाच होता. ठिपके पडून झाले तसा तो पडद्याशी गेला आणि तो पितळेचा पोचलेला लोटा आत पुढे केला.

"पाणी दे व माय," तो म्हणाला. "लय तहान लागली."

ललिताने माठातून लोटा काठोकाठ भरून दिला. तो तिथेच उभं राहून घटाघटा प्याला, तोंड पुसलं, आणि उरलेलं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं.